मधले तीस फूट

फाईल हरवली तर मेमो मिळतो, किस्सा हरवला तर कुणी विचारतसुद्धा नाही. तरी गंमत बघा, बावीस वर्षांच्या नोकरीत माझ्या हातून तीन फायली हरवल्या, किस्सा एकही नाही! दुपारी डबे उघडले की ऑफिसातल्या बायका म्हणतात, "ताई, समितीचं सांगा ना." म्हणजे बाकी नोकरीत मी काहीच केलं नाही, असा अर्थ झाला. पण खोटं कशाला बोलू? एकवीस वर्षांत जमले नाहीत इतके किस्से त्या एका समितीनं वर्षभरात दिले.

मी नगरपालिकेत बांधकाम विभागात वरिष्ठ लिपिक. पालिका नंदुरबार जिल्ह्यातली आहे, पण कुठली ते विचारू नका. गावांची नावंही मी बदलून सांगणार आहे. उद्या त्याच लोकांसोबत चहा प्यायचा आहे.

तर झालं असं की वरून आदेश आला. शेजारशेजारच्या संस्थांनी आपापल्या शिवेत तोंड फिरवून बसू नये. एकत्र यावं, जमिनीचा एकच आराखडा करावा आणि बससेवाही मिळून आखावी. झाली मग आमच्याकडे 'संयुक्त समिती'! एक आमची पालिका, तिचे अध्यक्ष नाना. दुसरी निमखेड्याची ग्रामपंचायत, तिचे सरपंच आप्पा. तापीकाठची काळी जमीन, मिरची वाळवायची पथारी, दारात दोन ट्रॅक्टर आणि मिशीला पीळ. तिसरी सातपुड्याच्या चढावरची टेंभापाडा ग्रामपंचायत, तिच्या सरपंच मोगीबाई. आणि सदस्य सचिव म्हणून मी, कारण बाकी सगळ्यांनी त्या दिवशी रजा टाकली होती.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवते. नानांच्या गावाला एसटी येते. आप्पांचं निमखेडं तर हायवेवरच, तासाला गाडी. बस नव्हती ती फक्त टेंभापाड्याला. म्हणजे तहान एकाला आणि विहिरी दोघांच्या!

*

पहिल्या बैठकीची नोटीस काढली. 'स्थळ: पालिका सभागृह.' तासाभरात आप्पांचा फोन.

"ताई, आम्ही काय पालिकाना नोकर शेतस का? बठक निमखेडाले ठेवा!"

नानांना सांगितलं तर ते खुर्चीतून उठलेच. "मी नगराध्यक्ष होऊन ग्रामपंचायतीच्या ओट्यावर बसू?"

महिना असाच गेला. शेवटी तोडगा निघाला. तिन्ही गावांच्या शिवा जिथे मिळतात तिथे एक जुना निंब आहे. निंबापासून थोडा दूर शेंदूर लावलेला वाघदेवाचा दगड. दोघांच्या मध्ये तीस फूट मोकळी जागा आणि दगडाच्या अंगाला एक खोल चारी. त्या मोकळ्या जागेत खुर्च्या मांडायच्या ठरल्या. नानांची खुर्ची पालिकेच्या हद्दीत, आप्पांची निमखेड्याच्या हद्दीत. खुर्चीचा पाय हद्दीपलीकडे जाऊ नये म्हणून तलाठ्याला टेप घेऊन उभं केलं होतं!

चहा दोन ठिकाणांहून आला. नाना आप्पांचा पिईनात, आप्पा नानांचा पिईनात. मी सचिव, मला दोन्ही बाजू सारख्या. मी दोन्ही प्यायले.

मोगीबाईंसाठी खुर्ची कुणीच आणली नव्हती. नानांना वाटलं आप्पा आणतील, आप्पांना वाटलं नाना आणतील. बाई दोन तास चालत आल्या होत्या. निंबाच्या मुळीवर बसल्या, पदरानं घाम पुसला आणि थेट विचारलं, "नाना, बस कधी चालू करतो तू?"

डोंगरातली माणसं सगळ्यांनाच तू म्हणतात, कलेक्टरलाही. नानांना ते झोंबलं. म्हणाले, "तो विषय आज अजेंड्यावर नाही."

खरंच नव्हता. अजेंड्यावर विषय क्रमांक एक होता, 'मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे.' सभा पहिलीच होती! छापील नमुना होता, मी आहे तसा टाईप केला होता. चूक माझी. पण नाना म्हणाले, "कायम!" आप्पा म्हणाले, "कायम!" त्या दिवशी दोघांचं एकमत झालेला तो एकच विषय.

*

मोगीबाईंना बस एवढी का हवी होती, ते मला त्या दिवशी परतताना कळलं. त्यांची मुलगी जमुना, बारावी झालेली. आमच्या गावातल्या नर्सिंगच्या कॉलेजात तिचं नाव लागलं होतं. हॉस्टेलात जागा नाही. पोरगी पहाटे उठून डोंगर उतरायची, मग चालत निमखेड्याच्या फाट्यापर्यंत, तिथून मिळेल त्या गाडीनं पुढे. पहिला तास रोज बुडायचा. हजेरी भरली नाही तर नाव कापू, असं कॉलेजनं लिहून दिलं होतं.

"नाव कापलं तर?" मी विचारलं.

"तर काय! दिवाळी झाली की टोळी निघते ऊसतोडीला, गुजरातला. तिचा बाप म्हणतो, घरी बसून काय करेल, तीही कोयता धरेल." मग म्हणाल्या, "मी धरला ना बाई अकरा वर्षं. पुरे झाला."

 

*

सर्व्हेचं ऐका आता. पुण्याहून एक सल्लागार साहेब आले. डोक्यावर हॅट, गळ्यात दुर्बीण, हातात टॅब. टेंभापाड्याच्या वाटेवर बाभळीखाली खुर्ची टाकून तीन दिवस बसले. काम काय, तर बसनं प्रवास करणारी माणसं मोजायची.

तीन दिवसांत आकडा आला शून्य!

मी म्हटलं, "साहेब, तिथे बसच नाही."

"मॅडम, डेटा भावनेवर चालत नाही."

बरं, तिसरा दिवस आठवडे बाजाराचा होता. सगळा पाडा त्यांच्या नाकासमोरून खाली उतरला. डोक्यावर टोपली, काखेत कोंबड्या, पाठीशी बांधलेली लेकरं. साहेबांनी तेही टिपलं, नाही असं नाही. अहवालात लिहिलं, 'स्थानिक नागरिकांमध्ये चालण्याची विशेष आवड दिसून येते. सबब बसऐवजी पादचारी विहारमार्ग विकसित करावा. दर अर्ध्या किलोमीटरवर बाक असावेत.'

विहारमार्ग! बाकांसह!

बैठकीत मी हे वाचून दाखवलं तेव्हा नाना म्हणाले, "छान कल्पना आहे." मोगीबाईंनी मला अर्थ विचारला. मी सांगितला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "साहेबाला सांग, पुढच्या बाजाराला ये. टोपलं मी देते. ते घेऊन विहार कर."

इतिवृत्तात मी लिहिलं, 'सन्माननीय सदस्यांनी उपयुक्त सूचना केली.'

*

नकाशाला रंग भरायची वेळ आली तेव्हा तर आमच्या ऑफिसात जत्रा. कारण रंगावर सगळं असतं. हिरवी राहिली तर शेती, पिवळी झाली तर प्लॉट पाडता येतात. जो येईल तो माझ्या टेबलावर वाकून आपला गट नंबर शोधायचा. ज्यांनी जन्मात नकाशा पाहिला नव्हता ते रंगपेटी ओळखायला लागले.

आप्पा आले, मिरचीची पिशवी टेबलावर ठेवली. "ताई, मन्ही तेवढी पिवळी करी टाक ना."

"आप्पा, परवा तर सभेत म्हणालात, काळ्या आईला हात लावू देणार नाही!"

"ते सभामा. हाई नकाशामा शे."

मिरची मी परत केली. तिखट होती म्हणून नव्हे, नाना समोरून येत होते म्हणून! नाना आले ते त्यांच्या मेहुण्याचा गट नंबर घेऊन.

पण खरा तमाशा झाला कचरा डेपोवरून. आपापल्या गावाचा कच्चा आराखडा नाना आणि आप्पांनी बंद पाकिटात दिला. मी दोन्ही कागद एकावर एक ठेवून खिडकीशी उजेडात धरले. पालिकेनं आपला कचरा डेपो दाखवला होता निमखेड्याच्या शिवेत. निमखेड्यानं आपला दाखवला होता पालिकेच्या शिवेत. दोघांनी न बोलता, न विचारता, अगदी समोरासमोर! एकमेकांच्या दारात घाण टाकायची म्हटलं की नियोजन कसं चोख होतं बघा.

बसथांब्याची जागा मात्र दोघांनीही पाठवली होती टेंभापाड्यात. थांबा हवा, पण स्वतःची गुंठाभर जमीन जायला नको! मोगीबाई म्हणाल्या, "ठेव ना. थांबा आमच्याकडेच ठेव. पण तिथपर्यंत गाडी आण."

*

नारळाचा किस्सा मध्येच सांगते, नाहीतर विसरेन, आणि पुढे त्याचं काम आहे.

आप्पांनी एका सकाळी एकट्यानंच निंबाखाली 'नियोजित बसथांबा' असा बोर्ड रोवला आणि नारळ फोडून फोटो काढला. फोटो गावभर फिरला. नानांनी दुपारी माणसं पाठवून बोर्ड उपटला आणि त्याचाही फोटो काढला! मग आप्पांनी उपटलेला बोर्ड घेऊन पालिकेसमोर ठिय्या दिला. दोन दिवस मी मागच्या दारानं ऑफिसला जात होते.

त्यावर नानांनी ठराव मांडला, पुढे गाजलेला ठराव क्रमांक चार. 'संयुक्त क्षेत्रातील कोणतेही काम करणे अथवा काढणे हे तिन्ही प्रमुखांनी, समितीची बैठक घेऊन, प्रत्यक्ष हजर राहून एकत्रितपणे करावे.' म्हणजे एकट्यानं कुणी बोर्ड लावायचा नाही की एकट्यानं उपटायचा नाही. श्रेय तिघांचं, नारळ तीन!

आप्पांनी जोरात अनुमोदन दिलं. मोगीबाईंनी मला तो ठराव दोनदा वाचायला लावला आणि त्याची झेरॉक्स मागून घेतली. प्रत्येक कागदाची झेरॉक्स त्या घ्यायच्या. रेशन कार्डाच्या प्लास्टिकच्या पिशवीत घालून ठेवायच्या.

*

रस्त्याचं काम निघालं, तेव्हा वाटलं, चला, आता तरी! निंबापर्यंत पालिकेनं करायचा, तिथून पुढे डोंगराच्या पायथ्यापर्यंत निमखेड्यानं. पायथ्यापासून वर पाड्यापर्यंत एका योजनेतून आधीच रस्ता होता. एसटी डेपोचे साहेब भला माणूस. म्हणाले, "रस्ता जोडा, दुसऱ्या दिवशी गाडी देतो."

पालिकेच्या इंजिनियरनं मोजणी धरली निंबापासून. निमखेड्याच्या इंजिनियरनं धरली वाघदेवाच्या दगडापासून. दोघंही म्हणत होते 'शिवेपासून'. फोन करून एकमेकांना विचारायचं? छे! कमीपणा नाही का येत!

दोन्ही रस्ते झाले. गुळगुळीत डांबर, कडेला पांढरे पट्टे. एक निंबाशी संपला. दुसरा दगडापाशी सुरू झाला. मध्ये तीस फूट मातीचा उंचवटा आणि ती खोल चारी, जशी होती तशी.

मी दोघा इंजिनियरांना उन्हात उभं करून दाखवलं. आमचे म्हणाले, "आमचं काम शंभर टक्के पूर्ण आहे." त्यांचे म्हणाले, "आमचंही." दोघांचे पूर्णत्वाचे दाखले माझ्या फाईलला लागले. मधल्या तीस फुटांचा दाखला कुणाकडेच नव्हता, कारण दोन्ही नकाशांत ती जागाच नव्हती. माय वं! पायाखाली जमीन आहे, कागदावर नाही!

*

नानांनी गावभर बॅनर लावले होते, 'दिवाळीआधी बस!' शब्दाचा पक्का माणूस. धनत्रयोदशीला बस आली. झेंडूच्या माळा, बँड, पुढच्या सीटवर नाना आणि आप्पा, मध्ये फायलींचा गठ्ठा ठेवावा तेवढं अंतर. गाडी निंबापर्यंत आली आणि थांबली. पुढे जाणार कुठे?

चारीपलीकडे टेंभापाड्याची माणसं नवे कपडे घालून उभी होती. जमुना कॉलेजच्या युनिफॉर्ममध्ये होती. तिला वाटलं होतं, आज बसूनच जायचं. तीन नारळ फुटले. तिसरा मोगीबाईंनी फोडावा म्हणून चारीपलीकडे फेकला, कारण ठराव क्रमांक चार! फोटो झाले. गाडीनं तिथेच वळण घेतलं आणि आली तशी बँडसकट परत गेली.

खरं सांगते, त्या दिवशी मला माझ्या नोकरीची लाज वाटली. मी त्या बसमध्ये होते. मागच्या काचेतून मला ती पोरगी दिसत होती, वही छातीशी धरलेली. मी तोंड फिरवलं.

पुढच्या आठवड्यात मोगीबाई पालिकेत आल्या. नाना म्हणाले, "आता दिवाळी झाली बाई, स्टाफ रजेवर. मधल्या जागेचं पुढच्या वर्षी बघू. दिवाळीआधी बस दिली ना मी!"

"दिवाळी कुठे झाली?" मोगीबाई म्हणाल्या.

"म्हणजे? गेली ना!"

"तुझी गेली. आमची आम्ही ठरवू तेव्हा."

ते खरंच आहे. डोंगरात दिवाळी कॅलेंडरवर येत नाही. गावचा पुजारा आणि जाणती माणसं बसतात, कापणी, पाहुणे, सगळ्यांची सोय बघतात आणि दिवस नेमतात. या पाड्याची आज, तर पलीकडच्या पाड्याची पंधरा दिवसांनी. आणि दिवाळी झाल्याशिवाय टोळी गाव सोडत नाही. त्या वर्षी आजूबाजूच्या सगळ्या पाड्यांची दिवाळी होऊन गेली, टेंभापाड्याची काही ठरेना! ऊसतोडीचा मुकादम ट्रक घेऊन दोनदा येऊन गेला. "अरे, तुमची दिवाळी आहे तरी कधी?" पुजारा आकाशाकडे बघून म्हणायचा, "बस आली की."

*

आणि मग ते झालं.

डोंगरात एक रीत आहे, लाह म्हणतात तिला. कुणाचं घर उभारायचं असो की शेत निंदायचं, घरटी एक माणूस येतो. मजुरी नाही, टेंडर नाही, जेवण तेवढं घालायचं. एका सकाळी टेंभापाड्यानं लाह बोलावली. कुदळी, पाट्या, बैलगाड्या घेऊन अख्खा पाडा खाली उतरला. पालिकेच्या कामातले उरलेले सिमेंटचे पाइप निंबाखाली पडून होते, ते चारीत बसवले. वरून दगड, मुरूम, पाणी, आणि नाचून नाचून धुमसानं चोपणं! वाघदेवाचा दगड जागचा हलवला नाही, निंबाची फांदी तोडली नाही. दुपारी भाकरी खाईपर्यंत तीस फूट तयार.

दुसऱ्या सकाळी डेपोची गाडी आली. ड्रायव्हर आमच्याकडचाच, खाली उतरला, टाचेनं मुरूम दाबून पाहिला. "रस्ता शे ना? मंग जाऊत!"

त्या दिवशी जमुना पहिल्या तासाला हजर होती. आणि टेंभापाड्याची दिवाळी ठरली.

इकडे नाना भडकले. नारळ नाही, बॅनर नाही, फोटो नाही! आप्पाही भडकले. आयुष्यात पहिल्यांदा दोघांचे फोन मला एकाच दिवशी, एकाच कारणासाठी आले. हुकूम झाला, नोटीस काढा. मी काढली, पोट भरायचं आहे. 'संयुक्त क्षेत्रात विनापरवानगी रस्ता बांधल्याबद्दल. सदर रस्ता सात दिवसांत काढून जागा पूर्ववत करावी.'

नोटीस घेऊन जायला शिपाई तयार होईना. मग मीच निघाले. कशानं जाणार? बसनं गेले! बायकांना अर्धं तिकीट. निंबापाशी गाडी त्या तीस फुटांवरून गेली, एक धक्कासुद्धा बसला नाही. मी पर्स मांडीवर घट्ट धरून ठेवली, आत नोटीस होती.

मोगीबाईंनी मला खाटेवर बसवलं, पाणी दिलं. सातवी शिकलेल्या आहेत, नोटीस बोट फिरवत अक्षर न अक्षर वाचली. मग आत गेल्या आणि रेशन कार्डाची पिशवी घेऊन आल्या. झेरॉक्स काढली, ठराव क्रमांक चार.

"काढू ना बाई रस्ता. कोण नाही म्हणतं? इथे लिहिलं आहे, करणे अथवा काढणे. नाना येईल, आप्पा येईल, मी येईन. तिघं उभे राहू आणि काढू. तू बैठक बोलव."

मी म्हटलं, "मोगीबाई, पण करताना कुठे तिघं होतात?"

"करताना चुकलंच आमचं," त्या म्हणाल्या. "म्हणून काढताना नियमानं काढू."

सही केली, पोच दिली आणि मला परतीच्या गाडीत बसवायला थांब्यापर्यंत आल्या.

बैठकीची नोटीस मी त्याच आठवड्यात टाईप केली. स्थळ पालिका सभागृह लिहिलं, तर आप्पा येत नाहीत. निमखेडं लिहिलं, तर नाना येत नाहीत. निंबाखाली ठेवावी म्हटलं, तर आता तिथे खुर्च्या मांडता येत नाहीत. मधून बस जाते.